पुढच्या बाकावरची माणसं

चर्चच्या आवारातल्या विहिरीनं त्या उन्हाळ्यात तळ दाखवला, आणि तळाशी निघाला खडक. पाऊस दोन वर्षं हात आखडता घेत आला होता. मंडळीनं ठरवलं, विहीर आपणच खोल करायची. मजूर लावायची कुणाची ऐपत नव्हती, आणि मजूर तरी गावात उरले होते कुठं? तरणी माणसं शहराकडं गेली होती. मागं राहिले होते ते गुडघे धरून उठणारे. तेच शनिवारी दोराला धरून खाली उतरायचे, पहारीनं खडक फोडायचे, आणि वर बायका दगडाच्या टोपल्या ओढायच्या.

टोपल्या ओढणाऱ्यांत मावशी सगळ्यांत पुढं. ती सुताराची बायको, पण अख्ख्या मंडळीची मावशी. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा तिला मावशीच म्हणत, आणि याचा तिला मनातून थोडा रागही होता. चर्चच्या मागं एक स्वयंपाकाचा खोपा होता. रविवारी उपासना झाली की सगळी मंडळी तिथं मिळून जेवायची. त्या खोप्यात मावशीचं राज्य होतं. घरात माणसं तीनच, ती, सुतार, आणि सुताराची थोरली बहीण आक्का. आक्का ऐन तरुणपणी विधवा होऊन भावाकडं आली आणि तेव्हापासून भाजी चिरत बोलत होती. भाजी संपायची, बोलणं संपायचं नाही.

खडकानं पहारींची धार खाल्ली. बोथट पहार आपटली की ठणकन उलट उसळायची आणि खांद्यापासून मानेपर्यंत कळ जायची. सुतार संध्याकाळी घरी आला की उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवायचा.

"रंधा तरी धरता येतोय का?" मावशी विचारायची.

"रंधाच मला धरतोय," सुतार म्हणायचा.

गावातला लोहार केव्हाच शहरात कारखान्यात लागला होता. पहारींना धार लावायची तर दोन गावं ओलांडून जावं लागे. त्यामुळं एका रविवारी घंटा झाल्यावर चर्चच्या दारात एक लोहार बायको-मुलीसकट उभा दिसला, तेव्हा मावशीला तो देवानंच धाडला असं वाटलं. तसा तो हातगाडीवर ऐरण, भाता नि भांडीकुंडी लादून, काम शोधत, पायी आला होता. वडाखाली त्यानं भट्टी मांडली होती. घंटा ऐकली आणि आले.

पण मावशीला पहारी नंतर आठवल्या, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. आधी तिला दिसली ती तीन नवी माणसं. कितीतरी वर्षांत चर्चमध्ये नवं माणूस आलं नव्हतं. दर रविवारी मोजकीच डोकी, आणि त्यातलं एखादं दर वर्षी कमी व्हायचं.

"या, या, आत या!" ती म्हणाली. "मागं कुठं बसताय? पुढं चला."

पुढचा बाक पाहुण्यांचा. मावशीच्या सासऱ्यांनी तो स्वतः केला होता. चर्चमध्ये त्या एकाच बाकाला पाठ होती आणि गादी होती. बाकीची मंडळी पाठ नसलेल्या बाकांवर कंबर धरून बसायची. पाहुण्यांच्या बाकावर मंडळीतलं कुणी कधी बसलं नव्हतं. मावशी दर शनिवारी तो पुसायची आणि दर रविवारी तो रिकामा बघायची. आज त्यावर तिघं बसली. मुलीचे पाय जमिनीला पोचेनात, म्हणून तिनं ते सरळ पुढं धरले. लोहाराच्या बायकोनं हात मांडीखाली सरकवले. दंड चांगले भरलेले, आणि तळव्यांवर जुन्या भाजल्याचे काळे ठिपके.

पाळकसाहेब नवीन होते, उत्साही होते. "आज आपल्यामध्ये पाहुणे आहेत," ते म्हणाले. "त्यांनी कृपा करून उभं राहावं." तिघं उभी राहिली. मंडळीनं स्वागताचं गीत म्हटलं, सगळी कडवी, आणि मग टाळ्या. लोहाराचे कान लाल झाले. मावशीचे डोळे भरून आले.

जेवायच्या वेळी त्यांना तीन खुर्च्या. पहिली ताटं त्यांची, पहिला भात त्यांचा. लोहारीण उठून ताटं विसळायला गेली तर मावशीनं तिच्या हातातून ताटं ओढून घेतली. "अहो, असं कुठं असतं? पाहुण्यांनी हात लावायचा नाही. आमच्यात तशी पद्धत नाही."

"मला सवय आहे हो."

"सवय असू द्या. बसा तुम्ही."

दुसऱ्या रविवारी तसंच झालं. तिसऱ्या रविवारीही. लोहारानं सगळ्या पहारी धार लावून दिल्या, धार टिकावी म्हणून तापवून पाणी पाजून दिलं, आणि काही नको म्हणाला. सुतारानं जबरदस्तीनं पैसे त्याच्या खिशात कोंबले. शनिवारी लोहार विहिरीवर आला, सदरा काढून कठड्यावर ठेवला आणि दोराला हात घातला, तर चारजण धावले. त्याला झाडाखाली बसवून चहा दिला. त्याची बायको टोपल्या ओढायला उभी राहिली, तिलाही चहा दिला. ज्या बाईचा दंड मावशीच्या मांडीएवढा, ती सावलीत कपबशी धरून बसली होती आणि मावशी उन्हात टोपली ओढत धापा टाकत होती. मावशीला वाटलं, आज कुठं जन्माचं सार्थक होतंय.

एकदा लोहारीण कामाच्या मोबदल्यात मिळालेल्या शेंगा घेऊन आली. चांगली टोपलीभर. "रविवारच्या भाजीत घाला."

"तुम्ही कशाला आणल्यात?" मावशी म्हणाली. "परत न्या, मुलीला करून घाला. आमच्याकडं आहे सगळं."

आमच्याकडं सगळं नव्हतं. त्या दिवशीच्या भाजीत पाणीच जास्त होतं आणि ते सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायलं.

उन्हाळा चढत गेला. खडक हाताहातानं खाली गेला. दर रविवारी पाळकसाहेब पाहुण्यांना उभं करत, मंडळी गीत म्हणे. कडवी आता जरा भराभर व्हायची, पण व्हायची. पाहुणा कुठवर पाहुणा, हे कुणी ठरवलं नव्हतं. ठरवायची वेळच कधी आली नव्हती. आजवर आलेले पाहुणे वाटसरू होते, जेवले, गेले. न जाणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं, हे त्या मंडळीला ठाऊकच नव्हतं.

आणि एका रविवारी पुढचा बाक रिकामा राहिला. पाळकसाहेब तिकडं बघून बोलायला लागले आणि अडखळले. मावशीनं तीन ताटं झाकून ठेवली, ती तशीच राहिली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

"आजारी असतील," सुतार म्हणाला.

"घणाचा आवाज येतोय सकाळपासून. आजारी माणूस घण मारतं?" मावशी म्हणाली. "काय कमी केलं आपण? सांगा ना. काय कमी केलं?"

आक्का दोडका सोलत होती. तिनं एकदा मावशीकडं बघितलं आणि दुसरा दोडका घेतला.

दुसऱ्या दिवशी मावशीनं भाताचा डबा घेतला आणि भर दुपारी वडाकडं निघाली. लांबूनच दिसलं, लोहारानं सांडशीत नांगराचा तापलेला फाळ ऐरणीवर धरला आहे आणि बायको घण उचलून मारते आहे. घण डोक्यावर जायचा, कंबर वळायची, आणि दणका बसायचा. घामानं पाठ भिजून काळी झाली होती. चर्चच्या बाकावर हात लपवून बसणारी बाई हीच का, असं मावशीला वाटलं. ही तर उंच होती.

"मी भात आणलाय," मावशीनं सुरुवात केली.

"मावशी, भाता!" लोहारीण ओरडली. "पोरगी पाण्याला गेलीय, आग विझतेय! दांडा धरा, दांडा!"

मावशीनं डबा दगडावर टाकला आणि भात्याचा दांडा धरला. वर, खाली. वर, खाली. निखारे फुलले, तोंडावर झळ आली. "जरा जोरानं," लोहार म्हणाला, तिच्याकडं न बघताच. "थांबू नका." मावशी थांबली नाही. फाळ पुन्हा आगीत गेला, पुन्हा बाहेर आला. घण पडत राहिला. काजळी तिच्या नाकात गेली, दंड भरून आले, आणि इतकं सगळं होऊनही तिला बरं वाटत होतं. कुणी तिला 'बसा' म्हटलं नव्हतं.

काम झालं तशी लोहारणीनं तोंड धुतलं आणि मावशीपुढं चार कांदे नि सुरी सरकवली. "चिरता का एवढे? मी चूल पेटवते. आता जेवूनच जा."

मावशी खाली बसली, कांदा हातात घेतला, आणि तेव्हा तिला हातगाडी दिसली. गाडीवर गाठोडी बांधलेली. एका चाकाला नवी लोखंडी धाव बसवलेली.

"हे काय?"

"बुधवारी निघतोय," लोहार म्हणाला.

"कुठं? का? काम नाही मिळत?"

"काम भरपूर आहे."

"मग आमचं काही चुकलं का? स्पष्ट सांगा हं. मला मनात ठेवलेलं आवडत नाही."

"छे हो, मावशी. तुम्ही तर फार मान दिलात. इतका मान आम्हाला कुठं मिळाला नव्हता."

"तसं नका बोलू," लोहारीण नवऱ्याला म्हणाली. "विचारतायत तर सांगा ना खरं." मग तीच मावशीकडं वळली. "दर रविवारी आम्हाला उभं करतात."

"स्वागत असतं ते!"

"पहिल्या रविवारी मला रडू आलं, खरंच. इतकं बरं वाटलं. पण मावशी, उन्हाळा सरत आला. अजून आम्ही उभंच राहतोय. भांडं घासू देत नाही. विहिरीत उतरू देत नाही. शेंगा नेल्या तर परत दिल्या. पोरगी विचारते, आई, आपण यांच्याकडं किती दिवस राहायला आलोय? काय सांगू मी तिला?" तिनं चुलीत फुंकर घातली. "मग हे म्हणाले, ही भली माणसं आहेत. तोंडावर 'जा' म्हणवत नाही त्यांना. पाहुणे, पाहुणे म्हणतात, त्यावरून आपण ओळखायचं. पाहुण्यानं कधी ना कधी निघायचं असतं."

मावशीनं सुरी खाली ठेवली. मग तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतका केलेला पाहुणचार, पुसलेला बाक, पहिला भात, आणि त्याचा हा अर्थ? "बरं आहे," ती म्हणाली. "आम्ही मेलो करून करून, आणि हे ऐकायचं." कांदे तसेच टाकून ती उठली. डबाही तिथंच विसरली.

रस्ताभर ती स्वतःशी भांडत आली. घरी येऊन तिनं सगळं घडाघडा सांगितलं, मध्ये दोनदा पाणी प्याली, आणि शेवटी म्हणाली, "जाऊ देत गेले तर! आम्हाला काय?"

"नको बाई तसं," आक्का म्हणाली. तिनं विळी बाजूला केली. "मी या घरात आले तेव्हा तू काय केलं होतंस, आठवतं?"

"काय केलं? फुलासारखं जपलं तुम्हाला."

"जपलंस. खाटेवर बसवलंस. ताट हातात, पाणी हातात. कोण आलं की हळू आवाजात सांगायचीस, यांना काही काम सांगत नाही मी, बिचाऱ्या दुःखात आहेत. महिनाभर मी त्या खाटेवर बसून विचार करत होते, की इथून कुठं जाऊ? मग एक दिवस तू बाहेर गेलीस नि मी विळी ओढली. परत आलीस आणि माझ्यावर ओरडलीस. कांदा जाड चिरला म्हणून. किती ओरडलीस!"

"मी? तुमच्यावर?"

"भावाला विचार. मी उलट बोलले, तू अजून बोललीस. आणि त्या दिवसापासून मी या घरात राहते." आक्कानं विळी पुढं ओढली. "तोवर मी नुसती आलेली होते."

सुतार दारात उभा राहून ऐकत होता. "तो बाक बाबांनी मोठ्या मायेनं केला होता," तो कुणाकडंच न बघता म्हणाला. "माया खोटी नव्हती."

"खोटी कोण म्हणतंय?" मावशी म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली. तिला फार वाईट वाटत होतं. लोहारणीचं वाईट वाटलं हे एक, आणि आपण इतके दिवस किती खुशीत होतो, त्याची लाज वाटत होती हे दुसरं.

त्या संध्याकाळी तिला दोनदा वडाकडं जावंसं वाटलं आणि दोन्हीदा ती अर्ध्या वाटेतून परतली. मंगळवारी मात्र पाऊल मागं वळेना. बुधवार उद्यावर आला होता. तिला बघून लोहारीण उभी राहिली, हातात घासलेला डबा.

"हा तुमचा राहिला होता."

"डब्यासाठी नाही आले. माझं चुकलं. आमच्या सगळ्यांचंच चुकलं, पण जास्त माझं, कारण पुढाकार माझा होता." हे मावशी एका दमात बोलली, नाहीतर बोलली नसती. "आणि दुसरं. तुझ्या भात्यानं माझे हात गेलेत. कालपासून तांब्या उचलत नाही. रविवारी सगळी मंडळी जेवायला येणार, विहीर पुरी करायला शेजारच्या गावचीही माणसं येतायत. ते पातेलं चुलीवरून उतरवणार कोण? आक्का? ती पातेल्यात पडेल."

हात खरंच उचलत नव्हते. तिनं दाखवायला उजवा हात वर केला, तो खांद्याच्या खालीच थांबला. लोहारणीनं बघितलं आणि ओठ दाबले. हसू की काय ते कळलं नाही.

लोहार चाकाला वंगण घालत होता. "रविवारपर्यंत थांबू," तो म्हणाला. "एक फाळ राहिलाच आहे. सोमवारी निघू."

सोमवार तर सोमवार. मावशीनं मान हलवली आणि डबा घेतला. आग्रहानं ठेवून घेणं हेसुद्धा पाहुणचारच झाला असता. जाता जाता तिनं पाळकसाहेबांना गाठलं आणि सांगितलं, "या रविवारी कुणाला उभं करू नका."

"पण मावशी, स्वागत..."

"स्वागत मी बघते."

रविवारी लोहार उपासनेला आला तो मागच्या रांगेत, दोघा म्हाताऱ्यांच्या मध्ये बसला. त्यांनी बूड सरकवून जागा केली आणि त्याच्या मांडीवर आपल्या टोप्या ठेवल्या. मुलगी आक्काच्या कुशीत. पाळकसाहेब सवयीनं म्हणाले, "आज आपल्यामध्ये..." आणि मावशीची नजर दिसताच, "...देव आहे." मंडळी आमेन म्हणाली.

खोप्यात मात्र देव होता की नव्हता, सांगता येत नाही. लोहारीण आत शिरली, चुलीपुढं बसली आणि तिनं पहिल्यांदा अर्धी लाकडं ओढून बाहेर काढली.

"अगं, काय करतेस? भात कच्चा राहील!"

"एवढ्या आगीत करपेल."

"जन्म गेला माझा या चुलीपुढं."

"माझा भट्टीपुढं गेला. आगीचं मला शिकवू नका."

मावशीनं लाकडं परत आत सारली. लोहारणीनं पुन्हा काढली. आक्का भाजी चिरायची थांबून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं होतं की बघत राहावं. शेवटी भात झाला. खालून थोडा करपला आणि वरून थोडा कच्चा राहिला. दोघींनीही एकमेकींकडं बोट दाखवलं. लोहारणीनं पातेलं एकटीनं उचलून खाली ठेवलं, पदर खोचला आणि वाढायला घेतला. पाळकसाहेब ताट पुढं करून उभे होते. "आधी विहिरीवरच्यांना," ती म्हणाली, "तुम्ही नंतर." पाळकसाहेब मुकाट मागं सरले. विहिरीवरून लोहार ओल्या मातीची टोपली वर पाठवून, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून आला होता. त्याला कुणी खुर्ची दिली नाही. तो जमिनीवर बसून दोनदा भात मागून जेवला.

भांडी घासताना लोहारणीनं चुलीकडं बघून मान हलवली. "चूलच वाकडी आहे ही. हवा एकाच बाजूनं जाते, भात कसा नीट होणार? पुढच्या रविवारी मी मोडून नवी मांडते."

मावशीनं पळी आदळली. ती चूल तिनं स्वतःच्या हातानं लिंपलेली. नवी नवरी असताना लिंपलेली. त्यावर या मंडळीची लग्नं जेवली होती, मयतं जेवली होती. ती तशीच बाहेर पडली आणि तरातरा विहिरीपाशी गेली. सुतार दोर गुंडाळत होता.

"ऐकलंत का? मोडणार म्हणे! माझी चूल! आली कालची आणि निघाली चूल मोडायला. थोडी जागा दिली तर डोक्यावरच बसते बाई!"

"कधी मोडणार?"

"पुढच्या रविवारी!"

सुतारानं दोर खाली ठेवला. "पुढच्या रविवारी?"

मावशी आणखी काही बोलणार होती. तोंड उघडलं, आणि तेव्हा तिला आठवलं. त्यांचा निघायचा सोमवार उद्याच होता. ती कठड्यावर बसली. खाली विहिरीत कुणीतरी बादली बुडवत होतं. तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आवरेना म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळानं ती उठली, डोळे पुसले, खोप्याच्या दाराशी गेली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "मोडायची तर मोड, पण माती मी आणणार! तुला इथली चांगली माती कुठली, ते ठाऊक नाही."

"मग आणा की," आतून आवाज आला. "उभ्या काय राहिलात?"